निळा एक्सॉलॉटल, तपकिरी पांडा आणि २४०० बादल्या : पैदास करणाऱ्यांच्या नजरेतून माइनक्राफ्ट

माइनक्राफ्ट कसा आहे, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. २०११च्या नोव्हेंबरात पूर्ण आवृत्ती आली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली, आणि आज घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत कुठल्याही सोसायटीत तो खेळणारी चार पोरं आणि त्यांचे एक-दोन बाप सापडतात. हे परीक्षण गेमच्या एकाच अंगाचं आहे: दुर्मिळ प्राणी शोधून त्यांची पैदास करायची असेल, तर हा गेम पैसे वसूल करून देतो का? पांडा आणि मूशरूम गाईच्या (अंगावर अळंबी उगवलेली गाय) बाबतीत देतो, कारण तिथे डोकं चालवलं की वेळ वाचतो. निळ्या एक्सॉलॉटलच्या (पाण्यात राहणारा सॅलमँडर जातीचा प्राणी) बाबतीत मात्र नुसती हमाली आहे. तरी सगळ्यांना हवा असतो तोच, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

एक्सॉलॉटल जून २०२१च्या १.१७ अपडेटबरोबर आला. रंग पाच: गुलाबीसर पांढरा, तपकिरी, सोनेरी, फिकट आकाशी आणि निळा. पहिले चार लश केव्ह, म्हणजे हिरव्यागार गुहांमधल्या पाण्यात आपोआप येतात. निळा फक्त पैदाशीतून मिळतो, आणि तोही १२०० पिल्लांमागे एक या हिशोबाने.

लश केव्ह शोधायला खाणी पोखरत बसू नका. जमिनीवर अझेलियाचं झाड शोधा, ज्याच्या पानांत गुलाबी-जांभळी फुलं असतात. त्याच्या बुंध्याखाली मुळांची माती लागते. ती धरून खाली गेलं की गुहा येते. खणताना एका ब्लॉकवर उभं राहून तोच फोडू नका. दोन ब्लॉकच्या सांध्यावर उभं राहा आणि आळीपाळीने फोडा, म्हणजे गुहेचं छत फुटलं तरी थेट खाली पडत नाही. खाली गेल्यावर मोह आवरायचा तो क्लेचा. शाडूसारखी राखाडी क्ले दिसली की लोक विटांसाठी ती खणून नेतात, आणि मग एक्सॉलॉटल येईनासे झाले म्हणून तक्रार करतात. पाण्याखाली क्ले असेल तरच ते तिथे स्पॉन होतात, म्हणजे आपोआप अवतरतात. शिवाय गेमच्या संगणकावरच्या जावा आवृत्तीत एका खेळाडूच्या आसपास त्यांची मर्यादा साधारण ५ची आहे. पाच दिसले की सगळे बादलीत भरून न्या, जागा रिकामी झाली की नवे येतील. बादलीतून सोडलेला प्राणी नंतर गायब होत नाही, हा दुसरा फायदा.

हौद ७ बाय ७ आणि २ ब्लॉक खोल पुरतो. कडेला पाण्याच्या पातळीपेक्षा एक ब्लॉक उंच काच लावा, नाहीतर ते रांगत बाहेर येतात आणि कोरड्यावर ५ मिनिटांत मरणपंथाला लागतात. आणि चाऱ्याचे मासे त्याच हौदात कधीच सोडू नका. एक्सॉलॉटल शिकारी आहे, दहा मिनिटांत हौद साफ करतो.

चारा म्हणजे ट्रॉपिकल फिशची बादली. नुसता मासा चालत नाही, जिवंत मासा असलेली बादलीच लागते. पाण्याने भरलेली बादली हातात घेऊन माशावर क्लिक केलं की मासा आत येतो. एका जोडीला दोन बादल्या, पिल्लू एक. म्हणजे १२०० पिल्लांना २४०० बादल्या. बादली परत मिळते, त्यामुळे लोखंड फार जात नाही. ३६ बादल्यांना १०८ इनगॉट (लोखंडाच्या लगडी), एकदाच. खरी पीडा ही की माशाच्या बादल्यांचा गठ्ठा होत नाही, एका खणात एकच. पूर्ण इन्व्हेंटरी (खेळाडूजवळचे ३६ खण) भरली तरी १८ पिल्लांचाच चारा.

इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात ती गोष्ट जवळून बघा. बादलीने एक्सॉलॉटलला खाऊ घातलं की हातात उरते पाण्याची बादली. आणि पाण्याच्या बादलीने एक्सॉलॉटलवर क्लिक केलं तर तो पकडला जातो! घाईत दोनदा क्लिक झालं की पहिल्या क्लिकला त्याने खाल्लं, दुसऱ्या क्लिकला तो बादलीत गेला, आणि डोक्यावर बदाम उडत असलेला जोडीदार पाण्यात एकटाच. उपाय साधा आहे. पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या हॉटबारच्या नऊही खणांत माशाच्या बादल्या ठेवायच्या आणि प्रत्येक क्लिकनंतर माउसचं चाक एक खण पुढे सरकवायचं. फोनवर टच करून खेळणाऱ्यांचा हा घोळ जास्त होतो.

आता हिशोब. एकदा वीण झाली की पुढच्या विणीपर्यंत ५ मिनिटं थांबावं लागतं. ४० मोठे ठेवले तर तासाला २४० पिल्लं, पाच तासांत १२००. कागदावर छान दिसतं. पण त्यासाठी मिनिटाला ८ मासे पकडावे लागतात, आणि जावामध्ये लहान माशांची मर्यादाच २०ची आहे. म्हणून ४०ची फौज उभी करणं वेडेपणा आहे. १० मोठे ठेवा: तासाला ६० पिल्लं, मिनिटाला २ मासे. हे जमतं, पण १२०० व्हायला २० तास लागतात. आणि १२०० झाली म्हणजे निळा आलाच, असं मुळीच नाही. तोवर तो येण्याची शक्यता ६३ टक्के. निम्मी शक्यता ८३२ पिल्लांना गाठते, ९० टक्क्यांसाठी २७६०च्या वर जावं लागतं. मासे वॉर्म ओशनमध्ये प्रवाळाच्या आसपास थव्याने मिळतात. एक थवा संपला की ६४ ब्लॉकपेक्षा लांब पोहत जा आणि परत या. उरलेसुरले गायब होऊन नवे आलेले असतात.

पिल्लाचा रंग जन्मतःच दिसतो, त्यामुळे २० मिनिटं वाढवून बघायची गरज नाही. नको ती पिल्लं लगेच दुसऱ्या हौदात हलवा. जावामध्ये एकाच ब्लॉकच्या जागेत २४पेक्षा जास्त प्राणी चेंगरले की ते गुदमरून मरू लागतात, आणि त्या गर्दीत तुमचा निळाही असू शकतो. निळा मिळाला की बादलीत घेऊन ऐरणीवर बादलीलाच नाव द्या, कारण जावामध्ये बादलीवरचं चित्र सगळ्याच रंगांसाठी गुलाबी असतं. नंतरचं सोपं: निळा आणि इतर रंग यांची साधारण निम्मी पिल्लं निळी, दोन निळ्यांची सगळीच. एवढा खटाटोप संपल्यावर जो प्राणी मिळतो तो सुंदर आहे, पण त्यात खेळाडूचं कौशल्य शून्य. खरा एक्सॉलॉटल मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमधून नाहीसा होत चालला आहे. गेममध्येही तो मिळवणं मुद्दाम दुष्कर ठेवलं असेल तर ती कल्पना पटते, अंमलबजावणी नाही.

पांडाची गोष्टच वेगळी. त्याच्यात खरंखुरं आनुवंशिकशास्त्र घातलं आहे. प्रत्येक पांडाला दोन जनुकं, एक उघड आणि एक लपलेलं. तपकिरी जनुक अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही तपकिरी असतील तरच पांडा तपकिरी दिसतो. जंगली पांडात ते १६ पैकी २ वेळा येतं, म्हणून रानात तपकिरी ६४त एक. बांबू जंगलात हिंडून एक सापडेपर्यंतच नशिबावर. त्यापुढे सगळं हातात. तपकिरी आणि साध्याची जोडी लावा. पिल्लू दिसायला साधं निघेल, पण त्याच्या पोटात तपकिरी जनुक असतं. ते मोठं झालं की त्याच तपकिरी आई-बापाशी लावा: निम्मी पिल्लं तपकिरी. दोन पिढ्यांत काम फत्ते. दर जनुकाला ३२त एक वेळा उत्परिवर्तन होतं, त्यामुळे दोन तपकिरींच्या पोटी क्वचित भलतंच निघालं तर घाबरू नका. जोडी जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण चाऱ्याचं नसून आजूबाजूच्या बांबूंचं असतं: ५ ब्लॉकच्या आत लावलेले निदान ८ बांबू ठेवा. हातात बांबू आहे म्हणून भागत नाही.

तपकिरी मूशरूम गाईसाठी तर पैदाशीच्या वाटेला जाऊच नये. दोन लाल गाईंना तपकिरी वासरू होण्याची शक्यता १०२४त एक, आणि वीज पडली की लाल गाय जागच्या जागी तपकिरी होते. चॅनेलिंग (वीज पाडणारा मंत्र) लावलेला त्रिशूळ हवा, ढगांचा गडगडाट चालू हवा, आणि गाईच्या डोक्यावर उघडं आकाश हवं; नुसत्या पावसात काही होत नाही. त्रिशूळ नसेल तर तांब्याच्या ३ इनगॉटचा लाइटनिंग रॉड गाईंच्या मधोमध रोवा आणि वाट बघा. आसपास लाकूड नको, आग लागते. डुकरं आणि गावकरीही लांब ठेवा: विजेने डुकराचा झॉम्बिफाइड पिग्लिन होतो, गावकऱ्याची चेटकीण. त्याच गाईवर दुसऱ्यांदा वीज पडली तर ती परत लाल होते, तेव्हा काम झालं की तिला छपराखाली बांधा.

गुलाबी मेंढी रानात ०.१६४ टक्के, पण पांढरी आणि लाल रंगवलेली मेंढी जुळवली की गुलाबी कोकरू मिळतं. तुमची मेंढी रानातली आहे हे सिद्ध करायची सोय नाही, त्यामुळे मिरवण्यात अर्थ नाही. स्निफर नावाच्या प्राण्याची अंडी वॉर्म ओशनच्या भग्नावशेषांमधल्या संशयास्पद वाळूत, ब्रशने हळूहळू झाडून. फावडं मारलं की अंडं गेलं. उबवायला २० मिनिटं, मॉस ब्लॉकवर ठेवलं तर १०. बेडकांची रचना मात्र देखणी आहे. ऐरोलीच्या खाडीतले फ्लेमिंगो खाण्यामुळे गुलाबी होतात. इथला बेडूक जागेवरून रंग घेतो. टॅडपोल (बेडकाचं पिल्लू) ज्या प्रदेशात मोठा होईल तसा: थंडीत हिरवा, उष्ण ठिकाणी पांढरा, मध्यम हवेत केशरी. बादलीत टॅडपोल घेऊन योग्य जागी सोडला की झालं.

कुठली आवृत्ती घ्यायची? संगणकावर जावा आणि बेडरॉक दोन्ही २०२२पासून एकाच खरेदीत मिळतात, फोनवर फक्त बेडरॉक आणि तीही वेगळी घ्यावी लागते. पैदाशीसाठी जावा सरस: माउसचा नेम आणि चाक दोन्ही कामी येतात, जनुकंही कमांडने तपासता येतात. पण ठाण्यातल्या भावाकडे लॅपटॉप आणि वाशीतल्या बहिणीकडे फोन असेल, तर दोघांचं एक जग फक्त बेडरॉकवरच होईल. जावा फोनशी जोडत नाही. जावाला गेमसाठी ४ जीबी मेमरी बाजूला काढून द्या, नाहीतर हौद भरला की चित्र अडखळतं.

वाढीची मिनिटं खेळातली असतात, घड्याळातली नव्हेत. एकट्याच्या जगात गेम पॉझ केला, फोनवर दुसरं ॲप उघडलं, किंवा हौदापासून फार लांब गेलात, की पिल्लू वाढायचं थांबतं. लावून ठेवून जेवायला जाऊन उपयोग नाही. आणि पावसाळ्यात घरातली वीज झपकायला लागली की दर वीण झाल्यावर एकदा एस्केप दाबा; जावामध्ये एकट्याने खेळताना तेवढ्याने जग जतन होतं. निळा सापडलाच, तर सेव्ह अँड क्विट करून जगाच्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर टाका, आणि मगच घरच्यांना हाक मारा.