एक दाढ गेली: इम्प्लांट, ब्रिज की कवळी? दुखणं आणि भरून येणं पाहून केलेली तुलना

खालची पहिली दाढ काढली आहे, जागा रिकामी आहे आणि डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले आहेत. हाडात भोक पाडणार हे ऐकूनच अनेक जण इम्प्लांट सोडून ब्रिज करून घेतात. पण दुखण्याच्या भीतीवर हा निर्णय घेऊ नये. त्रास तिन्ही पर्यायांत आहे, फक्त त्याची जात आणि वेळ निराळी आहे.

आधी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर कॅप बसवून त्यांच्या आधाराने मधे धरलेला खोटा दात. गेलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंचे दात चावण्याच्या पृष्ठभागावर साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि कडांनी थोडे कमी घासावे लागतात. भूल दिलेली असल्याने त्या वेळी दुखत नाही. टाके नाहीत, सूज जवळजवळ नाही, दोन-तीन आठवड्यांत काम संपतं. मात्र घासलेले दात काही दिवस, कधी काही आठवडे, गार पाण्याने ठणकतात. तात्पुरती कॅप निघाली तर ठणका जास्तच जाणवतो. ती लगेच पुन्हा बसवून घ्यावी. खरी अडचण पुढे येते. घासण्याचा ताण सहन न झालेल्या दाताची नस महिन्यांनी किंवा वर्षांनी मरू शकते, आणि मग त्याच कॅपमधून रूट कॅनॉल करावं लागतं. शेजारचे दात धडधाकट असतील तर ही किंमत मोठी आहे. ते आधीच कॅप लावलेले किंवा मोठं सिमेंट भरलेले असतील, तर आमच्या मते ब्रिजच सरळ पर्याय आहे.

काढ-घाल करायच्या कवळीला सुईसुद्धा लागत नाही. मापं घेतात, कवळी येते, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत हिरडीवर कुठेतरी घासून फोड येतो. तपासणीला जाण्यापूर्वी काही तास कवळी लावून ठेवा, म्हणजे टोचणारी जागा डॉक्टरांना दिसते आणि तेवढीच घासता येते. घरी कानशीने घासू नका.

आता इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू आणि हाड धरल्यावर त्यावर लावलेला दात. भूल ब्रिजला देतात तशीच स्थानिक असते. हिरडीला छेद देऊन दोन मिलिमीटरच्या आसपासच्या बारीक ड्रिलने सुरुवात होते, मग क्रमाने जाड ड्रिल वापरतात. त्यावर गार सलाइन सतत सोडतात, कारण हाड 47 अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी त्याची हानी होते. मग टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. पेशंटला कंप, दाब आणि आवाज जाणवतो. टोकदार कळ आली तर हात वर करावा. भूल वाढवता येते. नंतर जे दुखतं ते मुख्यतः कापलेली हिरडी आणि हाडावरचं उचललेलं पातळ आवरण. म्हणून पुरेसं हाड असलेल्या जागेतला एक इम्प्लांट बहुधा अडकलेली अक्कलदाढ काढण्यापेक्षा कमी दुखतो.

पहिली गोळी भूल उतरण्याआधी घ्यावी. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम ही नेहमीची जोडी आहे. एकाच गोळीत दोन्ही असतील तर वरून वेगळं पॅरासिटामॉल घेऊ नये. किडनीचा आजार, अल्सर किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आयबुप्रोफेन टाळतात. पण रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पहिल्या दिवशी बाहेरून गालावर पंधरा-वीस मिनिटं बर्फ, मग तेवढीच विश्रांती. जोरात चूळ भरणं, थुंकणं आणि स्ट्रॉ नको. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. मऊ भात, वरण, खिमट, ताक चालतं. भाकरी, चिवडा आणि दाण्यांचं कूट थांबवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, हे माहीत नसल्याने लोक उगाच घाबरतात. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

इथे बरेच जण फसतात. आठवड्याभरात दुखणं संपतं आणि त्या बाजूने चावणं सुरू होतं. हाड मात्र त्या वेळी उलट्या दिशेने चाललेलं असतं. स्क्रूला सुरुवातीला मिळालेली घट्ट पकड जुनं हाड विरघळू लागल्याने कमी होते, आणि नवं हाड अजून पुरेसं धरलेलं नसतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कमजोर असते. सूक्ष्म हालचाल झाली तर स्क्रूभोवती हाडाऐवजी मऊ ऊती तयार होते आणि इम्प्लांट जातो, बहुतेकदा न दुखता. खालच्या जबड्यात साधारण दोन ते तीन महिने, वरच्या मऊ हाडात तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो. सिगारेट, मिशरी, गुटखा आणि ताब्यात नसलेली साखर यांनी हे भरून येणं बिघडतं. हाडं ठिसूळ होण्यावरचं अ‍ॅलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घेतलं असेल तर ते आधीच सांगा. अशा पेशंटमध्ये जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो.

वरची दाढ असेल आणि सायनसखाली (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) हाड कमी असेल, तर सायनस लिफ्टने, म्हणजे त्या पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरण्याने, वेळापत्रक बदलतं. गाल जास्त सुजतो, नाकातून थोडं रक्त येऊ शकतं, साधारण दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही आणि शिंक तोंड उघडून द्यायची. हाड तयार व्हायला चार ते नऊ महिने लागू शकतात. परदेशातून तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्या-मुंबईला येऊन काम उरकायचा बेत असेल, तर हे आधी विचारा: स्क्रू एका फेरीत, दात पुढच्या फेरीत. परतीचं विमान टाके काढल्यानंतरचं घ्या. सायनस लिफ्ट असेल तर तारीख डॉक्टरांकडून पक्की करा.

काही खुणा दिसल्या तर थांबू नका. चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, पू, ताप. खालच्या जबड्यात भूल उतरायची वेळ उलटून गेली तरी ओठ-हनुवटी बधिर राहिली, तर त्याच दिवशी फोन करा. स्क्रू खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेवर दाबत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत तो काढल्यास किंवा मागे घेतल्यास नस सावरण्याची शक्यता जास्त असते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) नस किती खाली आहे ते डॉक्टरांना दाखवायला सांगा. स्क्रूचं टोक आणि नस यांत किमान दोन मिलिमीटर अंतर राखतात.