हेरपट टेबलावर खेळताना: आधी बेत की फ्लॅशबॅक?

पाहिलेला हेरपट चौघांत टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन उत्स्फूर्तपणे खेळायचा, तर मोहिमेचा बेत आधी आखावा की खेळता खेळता फ्लॅशबॅकने, म्हणजे ‘हे मी आधीच करून ठेवलंय’ असं मागाहून सांगत, उलगडावा?

वेळेत बेत हरतो. तीन तासांतला निम्मा वेळ नकाशावर वाद घालण्यात सहज जातो. 20 मिनिटांचा गजर लावाच. फ्लॅशबॅकवाले थेट दूतावासाच्या मेजवानीत उतरतात.

तयारीही बेतालाच जास्त: पहारे, कुलपं, पाळ्यांच्या वेळा. फ्लॅशबॅकला खलनायकाचा हेतू आणि तीन अडथळे पुरतात.

खरी गोम थरारात आहे. फ्लॅशबॅक मोकाट सोडले की प्रत्येक अडचण ‘पहारेकऱ्याला मी कालच फोडलाय’ म्हणून मिटते. म्हणून प्रत्येकी दोनच द्या आणि दोन फासे टाकायला लावा. बेरीज 10 किंवा जास्त आली तर जमलं. 7 ते 9 आले तर जमलं, पण काहीतरी गमावून. 6 किंवा कमी आले तर पहारेकरी उलटला. हे शेवटचं 36 पैकी 15 वेळा होतं, धाकधूक टिकायला पुरेसं. टेबलावर घडलेलं मात्र फिरवायचं नाही: पकडलेला हेर पकडलेलाच.

कथा सगळ्यांना पाठ असेल तर बेत सिनेमाचीच नक्कल होतो. म्हणून गद्दार कोण, हे चिठ्ठी काढून बदला.

कोडी आवडणाऱ्या, दोन-तीन बैठका हाताशी असलेल्या गटाने बेत आखावा. नवखे खेळाडू आणि एकच संध्याकाळ असेल, तर फ्लॅशबॅक.