मुलींच्या संघात की मुलांच्या? आइस हॉकी खेळणाऱ्या मुलीसाठी निवड

हा प्रश्न घरात साधारण दोनदा निघतो. पहिल्यांदा मुलगी सात-आठ वर्षांची असते आणि जवळच्या रिंकवर एकच मिश्र संघ असतो. नावाला मिश्र, प्रत्यक्षात चौदा-पंधरा मुलगे आणि एक-दोन मुली. दुसऱ्यांदा ती तेराची होते. तोवर मुलांबरोबर झकास चाललेलं असतं, पण बॉडी चेकिंग (पकसाठी प्रतिस्पर्ध्याला मुद्दाम अंगाने धडक देणं) तोंडावर येतं आणि घरात दोन मतं पडतात. दोन्ही वेळचं उत्तर वेगळं आहे. इथले नियम कॅनडा आणि अमेरिकेतले धरले आहेत, कारण हा पेच सर्वाधिक तिथेच पडतो.

हक्काचा वाद आता उरलेला नाही. १९५६ मध्ये टोरांटोत ॲबी हॉफमन केस बारीक कापून, मुलगा म्हणून नाव नोंदवून मुलांच्या लीगमध्ये खेळत होती. जस्टिन ब्लेनीच्या खटल्यात १९८६ मध्ये ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने खेळात मुलींना वगळण्याची मुभा देणारं कलमच रद्द ठरवलं. त्यामुळे ‘तिला घेतील का’ यापेक्षा ‘तिथे तिला काय मिळेल’ हे पाहायला हवं.

बारा वर्षांपर्यंत

या वयात दोन्ही संघांच्या नियमांत फार फरक नाही. अमेरिकेत २०११ पासून बॉडी चेकिंग १४ वर्षांखालील गटात सुरू होतं. त्याआधी ते १२ वर्षांखालील गटातच चालायचं. कॅनडातल्या हॉकीची संघटना असलेल्या हॉकी कॅनडानेही २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातून ते काढलं. म्हणजे तेरापर्यंत मुलांच्या संघातही मुद्दाम अंगावर जाऊन आदळणं हा फाउलच. शिवाय दहा ते बारा या वयात मुलींची उंची आधी वाढते, त्यामुळे बऱ्याच संघांत सर्वात उंच खेळाडू मुलगीच असते. ‘मुलगे दांडगे असतात’ ही भीती या वयात तरी बहुतेक वेळा अस्थानी आहे.

या वयात निर्णय घ्यायचा तो पकवर, म्हणजे ज्या रबरी चकतीने खेळतात तिच्यावर. जिथे तिच्या स्टिकला पक जास्त वेळा लागेल, तो संघ. हे अंदाजाने ठरवू नका. दोन्ही संघांच्या सरावाला एकेकदा जा, गॅलरीत कागद-पेन घेऊन बसा आणि साधारण तिच्याच ताकदीची एक खेळाडू निवडून वीस मिनिटं फक्त तिच्याकडे पाहा. पक तिच्याकडे आला की एक रेघ. ती रांगेत नुसती उभी राहिली तर प्रत्येक मिनिटाला एक फुली. रेघांपेक्षा फुल्या जास्त झाल्या तर तो संघ कितीही जिंकत असो, शिकायला कामाचा नाही. मोठे आणि नावाजलेले संघ या चाचणीत पुष्कळदा नापास होतात.

सामन्याचं गणितही करून पाहा. १२ मिनिटांचे तीन पिरियड म्हणजे ३६ मिनिटं. एका वेळी बर्फावर पाच स्केटर (गोलकीपर सोडून बाकीचे खेळाडू), म्हणजे वाटायला १८० मिनिटं. संघात १५ स्केटर असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला १२ मिनिटं, ४५ सेकंदांची एक शिफ्ट (बर्फावर उतरून परत बेंचवर येईपर्यंतची खेप) धरली तर १६ शिफ्ट. मुलींचे संघ बहुधा लहान असतात. दहाच स्केटर असतील तर १८ मिनिटं आणि २४ शिफ्ट, म्हणजे दीडपट खेळ. याची दुसरी बाजूही आहे. दहांपैकी दोघी आजारी पडल्या की उरलेल्या तिसऱ्या पिरियडमध्ये पाय ओढत खेळतात, आणि दमलेल्या पायांनी सवयी बिघडतात: वाकणं सुटतं, स्टिक बर्फावरून उचलली जाते. वर हे सगळं समान वाटप धरून झालं. मुलांच्या स्पर्धात्मक संघात तिसऱ्या लाइनला (लाइन म्हणजे एकत्र उतरणारी तुकडी, पहिली सर्वात तगडी) शेवटच्या पिरियडमध्ये दोनच शिफ्ट मिळाल्या, असंही होतं. म्हणून कोचला एवढंच विचारा: शेवटची पाच मिनिटं उरली आणि एका गोलने मागे असाल, तर लाइन ठरलेल्या क्रमानेच बदलता का?

लहान क्लबात मुलींचा एकच संघ असेल तर वयाची फट रुंद होते. दहा वर्षांची आणि तेरा वर्षांची एकाच बेंचवर बसतात. ही फट मुलगा-मुलगी या फरकापेक्षा मोठी ठरू शकते. मुलींचे संघ विखुरलेले असल्याने प्रवासही जास्त. दर शनिवारी दोन तास गाडीत काढायची तयारी आहे का, हे आधीच घरात बोलून घ्या.

तेरा-चौदा: बाजू पालटते

इथे पहिला प्रश्न वयाचा नाही, लीगचा आहे. चेकिंगला परवानगी असलेला वयोगट म्हणजे प्रत्येक लीगमध्ये चेकिंग असतंच असं नाही. हौशी पातळीवर बऱ्याच ठिकाणी ते नसतं, स्पर्धात्मक पातळीवर असतं. नोंदणी करण्याआधी ‘या विभागात बॉडी चेकिंग आहे का’ याचं लेखी उत्तर घ्या. बिनचेकिंगची लीग असेल तर वर सांगितलेलंच गणित पुढे दोन वर्षं चालू द्यायला हरकत नाही.

चेकिंग असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: मुलींचा संघ ही मूळ निवड धरा आणि मुलांच्या संघात राहायचं असेल तर त्यासाठी सबळ कारण हवं. याच दोन वर्षांत मुलांचं वजन आणि ताकद झपाट्याने वाढते, तर मुलींची उंची तोवर बहुतेक भरलेली असते. आदल्या वर्षी बरोबरीचा असलेला मुलगा वर्षभरात पंधरा किलोंनी जड झालेला असू शकतो. सबळ कारण म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र: संघातल्या पहिल्या सहा फॉरवर्डमध्ये किंवा पहिल्या चार डिफेन्समध्ये तिची जागा पक्की आहे, धक्का घ्यायला ती शिकली आहे, आणि राहायचं हे तिने स्वतः ठरवलं आहे. वडिलांनी नाही.

धक्का घ्यायला शिकणं म्हणजे नेमकं काय? सर्वात धोक्याची जागा बोर्डच्या, म्हणजे रिंकभोवतीच्या भिंतीच्या, अगदी लगत नसते. ती असते बोर्डपासून एक-दीड मीटरवर. तिथे धक्का बसला की शरीर मोकळं हेलपाटत बोर्डवर जाऊन आदळतं. कोपऱ्यातला पक उचलायला जाताना पोहोचण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे पाहायचं. सरळ न जाता तिरकं जायचं. शेवटच्या मीटरात वेग तोडायचा नाही, थेट बोर्डला चिकटायचं: स्केट, नितंब आणि कोपरापर्यंतचा हात एकाच वेळी टेकलेले, गुडघे वाकलेले, डोकं वर. मग येणारा जोर अख्ख्या अंगात वाटला जाऊन बोर्डमध्ये जातो. तळहात पुढे करून मनगट ताठ धरलं तर मनगट मोडतं. मान खाली घातली आणि डोकं आधी आदळलं तर सगळा भार मणक्यावर येतो. आणि धक्का येतोय हे दिसल्यावर ऐनवेळी पाठ फिरवणं ही सर्वात वाईट सवय. बिनचेकिंगच्या खेळातून आलेल्या मुलींमध्ये ती जास्त दिसते, कारण पाठ करून पक राखणं त्यांच्या खेळात चालून गेलेलं असतं. हे सगळं सीझन सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात शिकायचं, पहिल्या सामन्यात नव्हे.

उलट दिशेनेही घोळ होतो, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मुलांच्या संघातून मुलींच्या संघात आलेली खेळाडू पहिला महिना दंडपेटीत, म्हणजे फाउलनंतर बसायच्या जागेत, काढते. मुलींच्या खेळात चेकिंग नाही याचा अर्थ अंगाला अंग लागत नाही असा नाही. खांद्याला खांदा लावून एकाच दिशेने पकसाठी झटणं चालतं. शिट्टी वाजते ती समोरून येऊन आदळल्यावर, जास्तीचं एक पाऊल टाकून अंगावर गेल्यावर, कोपर किंवा हात वर उठल्यावर. म्हणून तिला अँगलिंग नव्याने घोटवावं लागतं: रिंकच्या आतल्या बाजूने जायचं, प्रतिस्पर्ध्याला बोर्डकडे वळवायचं, आधी स्टिक पकवर आणि मगच अंग. क्रम चुकला की दोन मिनिटं बाहेर.

चेकिंग नाही म्हणजे डोकं सुरक्षित, हाही समज सोडून द्या. महिलांच्या हॉकीतही कंकशन, म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, ही नेहमीची दुखापत आहे. अनवधानाने झालेली टक्कर, बर्फावर मागे पडणं, बोर्डवर आदळणं ही त्याची कारणं. मानेचे व्यायाम दोन्ही संघांत सारखेच गरजेचे.

खेळाचा पोतही वेगळा असतो. चेकिंगमध्ये धक्का येणार हे ठाऊक असल्याने पक लवकर सोडावा लागतो. निर्णय झटपट घेण्याची सवय लागते, पण खालच्या लाइनमधली खेळाडू ‘पक आत टाका आणि मागे पळा’ एवढंच करत राहते. मुलींच्या खेळात पक जास्त वेळ हातात राहतो, पास जास्त होतात, आणि जिच्यात कसब आहे तिला ते वापरायला जागा मिळते. पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू दंडात बाहेर असताना) पक चालवणारी व्हायचं असेल तर मुलांच्या संघातल्या चौथ्या लाइनवर ते शिकता येत नाही.

गोलकीपरचा हिशेब निराळा

गोलकीपरला चेक करता येत नाही, त्यामुळे तेराव्या वर्षाची भिंत तिच्यासाठी तितकी उंच नाही. पुरुषांच्या हॉकीत नाव झालेल्या महिला आठवून पाहा. १९९२ मध्ये टॅम्पा बे लाइटनिंगकडून एनएचएल या पुरुषांच्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगच्या सीझनपूर्व सामन्यात उतरलेली मानों रेओम गोलकीपर. २०१४ मध्ये पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये कोलंबस कॉटनमाउथ्सकडून खेळलेली शॅनन झाबादोस गोलकीपर. २०२१ मध्ये ऑन्टारियो हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) निवडलेली पहिली मुलगी टाया करी, तीही गोलकीपर. स्केटर म्हणून हेली विकेनहायझरने २००३ मध्ये फिनलंडमधल्या पुरुषांच्या संघाकडून खेळून गोल केला, पण असे अपवाद मोजकेच.

गोलकीपरसाठी निकष शॉटचा: सामन्याला किती शॉट येतात आणि किती वेगाने सुटतात. मुलींच्या तगड्या संघात सामन्याला दहा-बाराच शॉट येत असतील तर ती गारठून उभी राहते आणि शिकत काही नाही. अशा वेळी मुलांचा मधल्या पातळीचा संघ बरा. पण तिथे दोन गोलकीपर असतील तर सामने कसे वाटणार हे आधी ठरवून घ्या. दुसरी गोलकीपर म्हणून बेंचवर बसून कुणी सुधारत नाही.

ड्रेसिंग रूम

बाहेरून किरकोळ वाटणारी ही बाब मुलींना सर्वात जास्त टोचते. मुलांच्या संघातली एकटी मुलगी रेफरींच्या खोलीत कपडे बदलते, सामन्याआधीचं कोचचं बोलणं हुकतं, थट्टामस्करी हुकते, आणि पुढे तिला पासही कमी येऊ लागतात. हॉकी कॅनडाने २०२३-२४ च्या सीझनपासून नियम केला की ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांनी किमान टी-शर्ट आणि शॉर्टसारखा आतला पोशाख घातलेलाच असावा. ज्याला पूर्ण कपडे बदलायचे त्याने वेगळ्या जागेत बदलायचे. मुलगी घरूनच बेस लेयर घालून आली आणि कोचने ठरलेल्या वेळी, समजा बर्फावर जाण्याआधी वीस मिनिटं, सगळ्यांना एकत्र बसवलं की अर्धा प्रश्न सुटतो. कोचला विचारा, संघाचं बोलणं कुठे आणि किती वाजता होतं. ‘बघू, होईल काहीतरी’ असं उत्तर आलं तर ते नाहीच समजा.

सामान

संघ कोणताही असो, भावाचं जुनं सामान हे मुलींचा खेळ बिघडण्याचं मोठं कारण. स्टिकचा फ्लेक्स (ती किती ताठ आहे हे सांगणारा आकडा) साधारण मुलीच्या वजनाच्या निम्मा हवा, वजन पाउंडात धरून. १०० पाउंडांच्या मुलीला ५०. तिच्या हातात ७५ ची स्टिक दिली तर ती वाकतच नाही आणि शॉट उचलला जात नाही. लांब स्टिक कापली की ती आणखी कडक होते, हेही लक्षात असू द्या. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या एक बोट वर बसावी. केसांचा अंबाडा आत कोंबला की हेल्मेट पुढे झुकतं, म्हणून खाली घातलेली सैल वेणी बरी. चेकिंगच्या संघात जाणार असेल तर छातीला नीट बसणारे, मुलींच्या मापाचे शोल्डर पॅड घ्या. मुलांचे पॅड समोरून वर उचलले जातात आणि बरगड्या उघड्या पडतात. गळ्याचं संरक्षक दोन्हीकडे लागतंच. अमेरिकेत ते १ ऑगस्ट २०२४ पासून अल्पवयीन खेळाडूंना सक्तीचं आहे.

पंधरानंतर

कॉलेज किंवा राष्ट्रीय संघ डोक्यात असेल तर पंधरा-सोळापर्यंत मुलींच्या स्पर्धांत दिसणं गरजेचं, कारण निवड करणारे तिथे येतात. अमेरिकेत एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेची महिला स्पर्धा २००१ पासून आहे, १८ वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २००८ पासून. क्लोई प्रिमेरानो २०२२ मध्ये वेस्टर्न हॉकी लीग या मुलांच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडलेली पहिली महिला स्केटर. तिनेही पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या महिला संघाची वाट धरली.

मुलांबरोबर कमावलेली धक्क्याची सवय वाया मात्र जात नाही. स्वीडनच्या महिला लीगने २०२२-२३ पासून चेकिंगला मुभा दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्येही आंतरराष्ट्रीय नियमांपेक्षा जास्त अंगाला अंग लागलेलं चालतं. गंमत म्हणजे १९९० मध्ये ऑटवात झालेल्या पहिल्या महिला जागतिक स्पर्धेत चेकिंग होतंच. ते नंतर बंद झालं.

दोन्हीकडे खेळवायचं ठरलं तर

मुख्य नोंदणी एका संघात आणि दुसऱ्यात जादा खेळाडू म्हणून नाव, ही सोय बऱ्याच ठिकाणी असते. नियम स्थानिक संघटनेचे, ते आधी विचारून घ्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला हे उत्तम जमतं, पण आठवड्यात बर्फावर चारपेक्षा जास्त दिवस नकोत आणि एक दिवस पूर्ण सुटीचा हवा. अडचण येते ती सामने एकाच शनिवारी आले की. कुठल्या संघाचा सामना आधी, सरावाचं काय, स्पर्धेच्या आठवड्यात कोण माघार घेणार, हे सप्टेंबरमध्येच दोन्ही कोचना एकाच संदेशात लिहून पाठवा आणि दोघांचं उत्तर जपून ठेवा. दोघांना वेगवेगळं तोंडी सांगितलं तर नोव्हेंबरपर्यंत दोघंही म्हणू लागतात की मुलगी त्यांच्याच संघाची आहे.