वॉरंट की पगारजप्ती? लेकराची पोटगी वसूल करताना

पोटगीचा हुकूम हातात आहे आणि बाप दमडी देत नाही, अशा वेळी वकील दोन वाटा सांगतात: थकबाकीसाठी वॉरंट, नाहीतर दरखास्त, म्हणजे हुकुमाच्या अंमलबजावणीचा कोर्टातला अर्ज, करून पगारजप्ती. मी दोन्ही करून पाहिल्या.

वॉरंटचा धाक मोठा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125. थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद, आणि कैद भोगून आला तरी बाकी फिटत नाही. माणूस बेळगावातच असेल, शेतीवर किंवा धंद्यावर जगत असेल, तर कदाचित हीच वाट बरी.

आमचा माणूस मात्र शिनोळीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या नोकरीत. आमचं घर बेळगावजवळच्या उचगावात, कर्नाटकच्या हद्दीत. इतक्या जवळचं वॉरंट कन्नडमध्ये निघालं, तिकडच्या ठाण्यात भाषांतरासाठी अडकलं आणि शेरा घेऊन परत आलं: ‘तपास करता मिळून आला नाही.’ त्याच आठवड्यात तो रोज मस्टरवर सही करत होता. तो कागद हातात धरून मी कोर्टाच्या व्हरांड्यात रडले. पुढच्या खेपेला सापडला, तर एका महिन्याचे पैसे भरून पुढची तारीख घेऊन गेला. वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो; या हेलपाट्यांत माझी चार महिन्यांची थकबाकी त्या मुदतीबाहेर गेली. लेकीची फी त्या वर्षी दादानं भरली.

दुसरी वाट पगारजप्तीची. पोटगीचा हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखाही वसूल करता येतो, हे सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात आहे. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकराचा पगार काढणारा अधिकारी कोर्टाच्या हद्दीबाहेर असला तरी जप्ती चालते. खासगी नोकरीत तशी सोय नाही. पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भाग त्याला सुटतो, बाकीवर हात घालता येतो.

सुरुवात संथ होते, हे खरं. पैसे आधी कोर्टात जमा होतात, मग आपल्या खात्यात येतात. पण आता त्याला शोधत बसावं लागत नाही, म्हणून मला तरी हीच वाट मानवली. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दरखास्तीत पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा नीट तपासून घाला. आमचा चुकला होता, त्यात दोन महिने गेले.