ब्रेन ट्यूमरची औषधं आणि २८ कप्प्यांची डबी

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या ब्रेन ट्यूमरवर उपचार सुरू झाले की घरी गोळ्यांचा ढीग जमतो. केमिस्टकडे सात दिवस, रोजचे चार कप्पे अशी डबी मिळते. ती जरूर घ्या, पण तिच्यात काय भरायचं नाही हे आधी ठरवा.

डबीचा सगळ्यात मोठा उपयोग डेक्सामेथासोनला. मेंदूची सूज उतरवणारं हे स्टेरॉइड एकदम थांबवता येत नाही. डॉक्टर ते हळूहळू कमी करतात आणि दर वेळी गोळ्यांचा हिशोब बदलतो. ०.५ आणि ४ मि.ग्रॅ. अशा दोन्ही गोळ्या मिळतात. मग २ मि.ग्रॅ. म्हणजे छोट्या चार की मोठीची अर्धी, हा घोळ रोज सकाळी घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चिठ्ठी समोर ठेवून मिटवलेला बरा. ‘दिवसातून दोनदा’ लिहिलं असेल तर दुसरा डोस दुपारी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. रात्रीच्या कप्प्यात गेला तर पेशंटचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि सोबत जागणाऱ्याचाही.

फिट्सच्या लेव्हेटिरासिटामला बारा तासांचं अंतर लागतं. कप्प्यावर ‘बेड’ (म्हणजे झोपताना) छापलंय म्हणून ती गोळी अकरा वाजेपर्यंत थांबवू नका. सकाळी ८ला घेतली तर रात्री ८लाच. तेवढ्यासाठी मोबाइलचा गजर हवाच, डबी वेळ सांगत नाही. जेवणाआधीच्या आणि नंतरच्या गोळ्याही एकाच कप्प्यात पडतात, ही तिची मोठी उणीव. उलटीची आणि पित्ताची गोळी वेगळी ठेवा.

व्हॅल्प्रोएट हे फिट्सचंच दुसरं औषध ओल धरतं, पावसाळ्यात तर फारच. ते पाकिटासकट कापून ठेवा.

टेमोझोलोमाइड मात्र डबीत अजिबात नको. ही केमोची कॅप्सूल आहे. मूळ पॅकमध्येच राहू द्या, उघडू नका, चावू देऊ नका. फुटली तर पावडर हाताला लागू देऊ नका, लागलीच तर लगेच धुवा. २०, १०० आणि २५० मि.ग्रॅ.च्या कॅप्सूल एकत्र करून डोस पुरा करायचा असतो, म्हणून घेताना दोघांनी मोजा. रिकाम्या पोटी, उलटीची गोळी आधी देऊन. घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी पुन्हा द्यायची नाही. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या नेहमीच्या उपचारात रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, ३० वेळा. कॅप्सूल मात्र शनिवार-रविवार धरून रोज, सहसा ४२ दिवस. सुटीच्या दिवशी ती राहून जाते, म्हणून कॅलेंडरवर खूण करा.

डबी निवडताना रोजच्या चार कप्प्यांची पट्टी सुटी निघते का ते बघा. ट्यूमर मेंदूच्या उजव्या मागच्या भागात असेल तर डाव्या बाजूचं दिसेनासं होऊ शकतं. अशा माणसाला आडव्या डबीतले डावीकडचे कप्पे दिसतच नाहीत आणि आपल्याला वाटतं, गोळी मुद्दाम टाळली. त्या दिवसाची पट्टीच त्यांच्या उजव्या हाताला ठेवा. झाकण एका हाताने उघडतं का, हेही दुकानातच करून बघा. बऱ्याच डब्यांना नखाने उचकटावं लागतं आणि एक हात लुळा असेल तर ते जमत नाही.

सुट्या गोळीवर नाव नसतं. रात्री इमर्जन्सीत जावं लागलं तर नुसती डबी दाखवून डॉक्टरांना काही कळणार नाही. रिकामी पाकिटं आणि ताज्या चिठ्ठीची झेरॉक्स डबीसोबत एकाच पिशवीत ठेवा.