फेस्टिव्हल आधी की थेट ऑनलाइन?

शॉर्टफिल्मचा एडिट लॉक झाला, आवाजाचं मिक्स झालं, ग्रेडिंगवरून (रंगांच्या जुळवणीवरून) शेवटचा हात फिरवून झाला, की प्रश्न उरतो: आता हिचं करायचं काय? मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. पहिली फिल्म १२ मिनिटांची, ती फेस्टिव्हलांना पाठवत बसलो. दुसरी ८ मिनिटांची, ती सरळ यूट्यूबवर टाकली. म्हणजे अनुभव दोनच फिल्म्सचा आहे, तेवढं धरून वाचा.

फेस्टिव्हलचा फायदा म्हटलं की लोकांना पोस्टरवरची ती लॉरेलची पानं, म्हणजे निवड झाल्याची खूण, आठवतात. मला स्वतःला खरा फायदा दुसराच वाटला. थिएटरसाठी फिल्म तयार करताना पोस्ट-प्रॉडक्शन झक मारत शिकावं लागतं. मी शूट सेकंदाला २५ फ्रेम्सवर केलं होतं. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फाइल, २४ वर बनवायला घेतली, तर १२ मिनिटांची फिल्म साडेबारा मिनिटांची झाली आणि नायिकेचा आवाज सर्दी झाल्यासारखा जड. फ्रेम रेट शूटच्या आधी ठरवतात हे वर्गात ऐकलं होतं, पण डोक्यात शिरलं ते तेव्हा.

आणि हॉल! हेडफोनवर छान वाटलेली फ्रीजची घरघर मोठ्या स्पीकरवर संवाद गिळायला लागली. चौथ्या मिनिटाला एक जण खोकला, मग दुसरा, मग मागच्या रांगेतले दोघे. तो शॉट मी एडिटवर तीन आठवडे जपला होता. यूट्यूबचा रिटेन्शन ग्राफ माणूस कुठे उठून गेला ते दाखवतो. कंटाळूनही बसून राहिलेला माणूस मात्र हॉलमध्येच दिसतो.

ऑनलाइनचं शिक्षण वेगळं आणि जरा निष्ठुर. दुसऱ्या फिल्मची टायटल्स ४० सेकंदांची होती. ग्राफ तिथेच असा काही कोसळला, की मी आता नाव शेवटी टाकतो. आवाजाचंही तसंच. यूट्यूब साधारण -१४ लफ्सच्या (लफ्स हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) वरचा आवाज खाली आणतं, त्यामुळे कर्कश मिक्स करून हाती काही लागत नाही. आणि फोनच्या स्पीकरवर खालचा बेस जवळपास नाहीसाच होतो. तणाव म्हणून घातलेली माझी घुमणारी धून फोनवर ऐकू आलीच नाही. उरली ती नुसती शांतता, आणि एका मित्राला तीच फार आवडली. त्याला काही सांगितलं नाही.

मग एवढं हॉलचं कौतुक असताना वाट का बदलली? कुलपामुळे. बरेच फेस्टिव्हल प्रीमियरची, म्हणजे पहिला खेळ आमच्याकडेच अशी, अट घालतात, काहींना फिल्म आधी ऑनलाइन आलेली चालत नाही. म्हणून आम्ही पहिली फिल्म चौदा महिने पासवर्डमागे ठेवली. नकारांचं फारसं वाटलं नाही, दोन ओळींचा ईमेल येतो आणि कारण कुणी देत नाही, याचीही सवय होते. त्रास झाला तो आपल्याच माणसांचा. नट दर आठवड्याला विचारायचा, 'कधी येतेय रे?' त्याला शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, दोन सीन हवे होते. आमच्या साउंडवाल्या मुलीने एका कामासाठी अर्ज केला आणि नमुना म्हणून हीच लिंक दिली. मी त्याच आठवड्यात एका फेस्टिव्हलसाठी पासवर्ड बदलला होता आणि तिला सांगायचं राहून गेलं. ती चिडली नाही. 'पासवर्ड चुकीचा आहे' असा स्क्रीनशॉट तेवढा पाठवला.

चूक माझीच होती, कबूल. पण फिल्म कुलपात ठेवायची म्हटलं की अशी चूक कधी ना कधी होतेच, असं मला वाटतं.

तुमची फिल्म संथ असेल, मोठ्या पडद्यासाठीच रचलेली असेल, तर माझं ऐकू नका, फेस्टिव्हलला पाठवा. लांबी मात्र आधी बघा. कान फेस्टिव्हलच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा श्रेयनामावलीसकट १५ मिनिटांची आहे, ऑस्करची ४०. शिवाय पाठवायला लागण्याआधीच एक तारीख ठरवून टाका, त्यानंतर फिल्म सगळ्यांसाठी खुली. तारीख सगळ्या टीमला सांगा, म्हणजे तुम्हाला मागे हटता येणार नाही. आणि कुठलीही वाट धरलीत तरी सेटवर एकाला निव्वळ स्टिल्स काढायला उभा करा. व्हिडिओतून काढलेल्या फ्रेममध्ये नेमका हात तरी हललेला असतो नाहीतर डोळे मिटलेले, आणि पोस्टर असो की थंबनेल, आमचं घोडं दोन्ही वेळा तिथेच अडलं.

दुसऱ्या फिल्मच्या वेळी अपलोड करायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ती कॉलेजच्या सभागृहात तीसेक जणांना दाखवली. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो, खोकले मोजत. दोन आले. रात्री एक शॉट कापला, सकाळी लिंक टाकली. साउंडवाल्या मुलीने ती दुपारच्या आत आपल्या बायोडेटात घातलीसुद्धा.