उंदराचे एम-सीएसएफ: कुपीतले की एल९२९ पेशींचे?

उंदराच्या मांडीच्या हाडातील अस्थिमज्जेपासून सहा-सात दिवसांत मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक) पेशी वाढवायच्या, तर एम-सीएसएफ हे त्यांची वाढ घडवणारे प्रथिन लागतेच. ते दोन वाटांनी मिळते: कुपीतून विकत मिळणारे पुनःसंयोजित (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले) प्रथिन, किंवा उंदराच्या एल९२९ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींनी ज्यात ते सोडले आहे असे वापरलेले माध्यम, म्हणजे पेशी वाढवण्याचा पोषक द्रव. १९४८ साली सी३एच जातीच्या उंदराच्या पेशींपासून वेगळा केलेला हा एल९२९ वाण स्वस्त आणि काटक आहे. त्याचे गाळलेले माध्यम साधारण १० ते ३० टक्के मिसळले की काम भागते. मात्र त्यात एम-सीएसएफखेरीज इतरही स्राव असतात आणि प्रत्येक घाण्याची ताकद वेगळी निघते, म्हणून प्रत्येक वेळी ती नव्याने तपासावी लागते.

पुनःसंयोजित प्रथिनाची मात्रा मिलिलिटरमागे १० ते ५० नॅनोग्रॅम अशी नेमकी मोजता येते. कुपी बहुधा रिकामीच वाटते, कारण सुकवलेले प्रथिन तळाशी जेमतेम दिसते. झाकण उघडण्यापूर्वी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी. ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवलेले प्रथिन घेताना एंडोटॉक्सिनचा (जिवाणूच्या आवरणातील विषारी घटकाचा) आकडा आधी पाहावा, कारण त्याच्या अंशानेही मॅक्रोफेज चाळवतात आणि सायटोकाइनची (पेशी सोडतात त्या संदेशवाहक प्रथिनांची) मोजणी फसते.

नुसत्या सरावासाठी किंवा भरपूर पेशी हव्या असल्यास एल९२९ पुरेसे आहे; परंतु संकेतवहनाचा (पेशीच्या आत संदेश कसे पोहोचतात याचा) अभ्यास असेल, तर पैसे मोजून कुपीच घ्यावी, असे माझे मत आहे. मानवी एम-सीएसएफही उंदराच्या पेशींवर चालते, उंदराचे मात्र मानवी पेशींवर चालत नाही.